सही जुळेपर्यंत

रायपूर शहराच्या जुन्या वस्तीत, कंकाली तलावाच्या परिसरात ब्राह्मणपारा आहे. 'पारा' म्हणजे आपल्याकडची आळी. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी राहिलेली घरे, दाराशी उंबरठा आणि आल्यागेल्याची विचारपूस करणारे शेजारी, असे या जुन्या पाऱ्यांचे रूप. छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता तेव्हापासून काही मराठी घराणी या मुलखात आली. पुढे मध्यप्रांताच्या काळात सरकारी नोकऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आणखी आली व येथलीच झाली. त्यांच्या घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि दारावरच्या भाजीवालीशी छत्तीसगढी अशा तीन भाषा एकाच दिवसात सहज नांदतात.

अशाच एका घरातील निवृत्त शिक्षकांची कल्पना करावी. वय अडुसष्ट. रक्तदाबाची गोळी कधी घेतली, कधी राहून गेली. एके सकाळी चहाचा कप उजव्या हातातून निसटतो, तोंड एका बाजूला ओढले जाते आणि 'काय झालं?' या प्रश्नाला उत्तर म्हणून तोंडातून केवळ अर्थहीन आवाज येतो. घरात एकच शब्द उमटतो : लकवा. हे काका कल्पनेतले असले, तरी त्यांच्या वाट्याला पुढे जे जे येते ते सारे अगदी खरे आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या नात्यात वा परिचयात कोणी ना कोणी ते सोसलेले आहे.

मराठीत यालाच अर्धांगवायू किंवा पक्षाघात म्हणतात. 'वायू' या शब्दामुळे हा वाऱ्याचा, बाहेरून आलेल्या कसल्याशा झपाट्याचा विकार आहे असा समज अजून पुरता गेलेला नाही. वस्तुतः मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त पोहोचवणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि त्या भागातील पेशी मरू लागतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावरच देता येते. हा वेळ कबुतराच्या रक्ताने मालीश करण्यात किंवा कोण्या गावच्या जडीबुटीची चौकशी करण्यात गेला, तर तो परत मिळवण्याचा उपाय कोणत्याच रुग्णालयापाशी नसतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी दिसले तरी गाडी रुग्णालयाकडेच निघाली पाहिजे.

परंतु या लेखाचा विषय त्या सकाळचा नाही, तर त्यानंतरच्या महिन्यांचा आहे. जीव वाचला, दहा-बारा दिवसांनी काका घरी आले, आणि मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येक जण पलंगाशी बसतो, मोठ्याने बोलतो (जणू काकांना ऐकूच येत नाही) आणि उठताना सांगतो, "काळजी करू नका, महिन्याभरात धावायला लागाल." दुसरा एखादा सांगतो, "मनात आणलं तर सगळं होतं." हे बोलणारे सारे मायेपोटीच बोलतात. मात्र ऐकणाऱ्याला महिना उलटल्यावर ते आठवते. तो धावत नसतो. पलंगावरून खुर्चीवर येण्यासाठीही त्याला दोघांचा आधार लागतो. मग त्याच्या मनात विचार येतो, की आपणच मनात आणण्यात कमी पडलो. धीर द्यायला निघालेले वाक्य अशा रीतीने दोषारोप होऊन बसते.

धीर देण्याची निराळी तऱ्हा पाहायची असेल तर एका इंग्रजी खेड्यातील हकिगत सांगण्याजोगी आहे. हॉलिवूडची ऑस्करविजेती अभिनेत्री पॅट्रिशिया नील हिला फेब्रुवारी १९६५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मेंदूत लागोपाठ रक्तस्राव झाले. त्या वेळी ती गर्भवती होती. सुमारे तीन आठवडे ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा उजवी बाजू लुळी पडलेली आणि वाचा गेलेली. तिचे पती, बालसाहित्यकार रोआल्ड डाल, तिला इंग्लंडमधील ग्रेट मिसेंडेन या आपल्या गावी घेऊन आले. तज्ज्ञांकडून मिळणारा उपचाराचा अल्प वेळ पुरेसा नाही असे त्यांचे मत झाले. म्हणून त्यांनी गावातील मित्रांचे व शेजाऱ्यांचे वेळापत्रकच आखले. कोणी तासभर येऊन तिच्याकडून वाचून घेई, कोणी शब्दकोडी सोडवून घेई, कोणी पत्ते खेळे, कोणी नाणी मोजायला लावी. दिवसाचे काही तास हा क्रम चाले. या शेजाऱ्यांपैकी कोणी वाचोपचारतज्ज्ञ नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला निरोगी कन्या झाली, आणि तीन वर्षांनी, १९६८ साली, प्रदर्शित झालेल्या चित्रपटातील भूमिकेसाठी तिचे नाव पुन्हा ऑस्करच्या नामांकनात होते.

या हकिगतीला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. डाल कठोर होते. हवी ती वस्तू तिने नावाने मागितल्याखेरीज तिला ती मिळू देत नसत. भेटायला येणाऱ्या अनेकांना ही क्रूरता वाटे, आणि स्वतः नीलनेही पुढे त्यांच्याविषयी कृतज्ञता आणि राग या दोन्ही भावना बोलून दाखवल्या. घरातल्या माणसाने शिक्षकाची छडी हाती घेतली की नात्याचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडच्या घरांनाही चुकलेला नाही. मुलगा सारखा 'बाबा, हात हलवा' म्हणून मागे लागतो आणि बाबा त्याच्याशी बोलणेच टाकतात. बाहेरचा माणूस येथे उपयोगी पडतो तो याचसाठी. त्याच्यापुढे रुसता येत नाही. नील हिच्या शेजाऱ्यांमधील व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या बाईंनी त्या अनुभवावर १९७० साली पुस्तक लिहिले आणि त्यातून स्वयंसेवकांनी अशा रुग्णांना नियमित भेटण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रुजली.

ब्राह्मणपाऱ्यासारख्या वस्तीला हे वेळापत्रक आखण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही, कारण शेजारी दारातच असतो. भेटीला जायचे ते 'कसे आहात?' विचारायला न जाता काहीतरी काम घेऊन जावे, एवढाच बदल करायचा. वर्तमानपत्र न्यावे आणि मथळा काकांना वाचायला सांगावा. शेंगा न्याव्या आणि दोघांनी मिळून सोलाव्या. त्यांचा लुळा हात निदान टरफले दाबून धरील. ओट्यावर बुद्धिबळाचा डाव मांडावा. आनंद समाज वाचनालयातून मासिक आणून द्यावे आणि चार दिवसांनी 'वाचलंत का?' असे खरोखरच विचारावे. आणि येताना वेळ ठरवून यावे. बुधवारी पाच म्हणजे पाच. अंथरुणावरच्या माणसाला वार आणि तास परत मिळवून देणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याचे सगळे दिवस एकसारखे झालेले असतात.

यामागचे शास्त्रही सोप्या शब्दांत सांगता येते. मेलेल्या मेंदूपेशी पुन्हा जिवंत होत नाहीत; परंतु शाबूत राहिलेल्या पेशी नवे दुवे जोडतात आणि गेलेल्या पेशींचे काम थोडेबहुत शिकून घेतात. हे शिकणे घडते ते पुनःपुन्हा केल्याने. लुळा हात वापरायचा राहून गेला की मेंदू त्याला जणू हिशेबातूनच वगळतो. म्हणून काही रुग्णांच्या चांगल्या हातावर दिवसाचा बराच काळ जाड मोजा चढवून, त्यांना दुबळा हात वापरणे भाग पाडण्याची उपचारपद्धती निघाली. अमेरिकेत दोनशेहून अधिक रुग्णांवर तिची चाचणी झाली, झटक्याला तीन ते नऊ महिने लोटल्यानंतर. आणि २००६ साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष अनुकूल होते. ज्यांच्या मनगटात व बोटांत थोडी तरी हालचाल उरली आहे त्यांच्यासाठीच ही पद्धत आहे आणि ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायची असते. पण घरच्यांनी तिच्यातून एक गोष्ट जरूर घ्यावी : प्रेमापोटी प्रत्येक घास भरवणे, प्रत्येक बटण लावून देणे, हे रुग्णाच्या हातचे काम काढून घेणे आहे. काकांना सदऱ्याची बटणे लावायला वीस मिनिटे लागत असतील तर लागू द्यावीत. काकूंनी तोवर देवपूजा उरकावी.

वाचा गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर घरच्यांचे हमखास गैरसमज होतात. या अवस्थेला वाचाघात म्हणतात. शब्द सापडत नाही म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे. पुष्कळदा अशा रुग्णाला बोललेले बरेचसे कळत असते आणि आपल्यासमोरच आपल्याविषयी 'यांना आता काही समजत नाही' असे म्हटलेलेही कळते. त्यात आणखी एक चमत्कार असा, की जे गृहस्थ 'पाणी' हा शब्द उच्चारू शकत नाहीत ते गणपतीत आरती सुरू झाली की सर्वांबरोबर ती म्हणू लागतात, किंवा रामरक्षेतील ओळी त्यांच्या तोंडून अडखळत का होईना बाहेर पडतात. मग सून मनातल्या मनात म्हणते, की म्हणजे हे सोंग होते तर! ते सोंग नसते. पाठ झालेले, चालीवर बसलेले शब्द मेंदू काहीशा निराळ्या वाटेने आणतो, आणि पाश्चात्त्य वाचोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात याच धाग्यावर चालीत बोलायला शिकवण्याची उपचारपद्धती बसवली. आरती म्हणता येते म्हणून उद्या लगेच बोलणे येईल असेही नाही. तरीही आपला आवाज आपल्याला ऐकू येणे, आणि तोही चारचौघांत, याचे मोल त्या माणसालाच ठाऊक.

तीन भाषांत वावरणाऱ्या माणसाचे काय होते? कोणाची मातृभाषा आधी परतते, कोणाची रोजच्या वापरातली भाषा आधी येते, तर कित्येकांच्या सर्व भाषा बरोबरीनेच हळूहळू सुधारतात. या विषयावर एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टर लिहीत आले आहेत आणि ठाम भाकीत अजूनही करता येत नाही. तेव्हा रायपूरच्या मराठी घरात काकांच्या तोंडून आधी हिंदी शब्द निघाला तर वाईट वाटून घेऊ नये. भाजीवालीने दारातून "सब बने-बने, बबा?" असे विचारले आणि घरच्यांना आठ दिवसांत मिळाले नव्हते ते उत्तर तिला मिळाले, तर तिला रोज दोन मिनिटे थांबण्याची विनंती करावी.

इतके सांगितल्यावर प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. घरच्यांनी शिकून व्यायाम करवून घेतले तर रुग्ण अधिक सुधारतो का, हे तपासण्यासाठी भारतातच एक मोठी चाचणी झाली. देशातील १४ रुग्णालये आणि १२५० रुग्ण तीत सहभागी होते. निम्म्या रुग्णांच्या नातलगांना पद्धतशीर प्रशिक्षण दिले गेले, उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्के, म्हणजे सारखेच निघाले. घरच्यांची माया आणि मेहनत ही फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि वाचोपचारतज्ज्ञ यांची जागा घेऊ शकत नाही, असा याचा एक अर्थ घ्यावा. रायपुरात २०१२ पासून एम्स सुरू झाले आहे. ब्राह्मणपाऱ्यातून तेथवर आठवड्यातून दोनदा जाणे कष्टाचे खरे, पण ते टाळू नये. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा. सर्व काही करूनही रुग्ण उभा राहिला नाही, तर त्याचे खापर कुटुंबाने स्वतःच्या किंवा रुग्णाच्या माथी फोडू नये. मेंदूचा कोणता भाग किती गेला यावर पुष्कळ काही अवलंबून असते आणि ते कोणाच्याही इच्छाशक्तीच्या हातात नसते.

मग उत्साह टिकवायचा कशासाठी, असे कोणी विचारील. चालता येणे हाच तेवढा लाभ मानला तर प्रश्न रास्त आहे. परंतु झटक्यानंतर जवळजवळ तिघांतील एका रुग्णाला नैराश्य ग्रासते. तो व्यायाम टाळतो, जेवण कमी करतो, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि घरचे म्हणतात, 'यांनी हिंमतच सोडली.' ही हिंमत सोडणे नव्हे, हा आजाराचाच भाग आहे आणि त्यावर औषधे व समुपदेशन उपलब्ध आहे. डॉक्टरांना ते सांगायला हवे. एरवी करारी असलेले गृहस्थ किरकोळ कारणाने रडू लागतात, कधी अवेळी हसतात, तेही बहुधा मेंदूच्या इजेमुळेच. अशा वेळी 'पुरुषासारखे पुरुष आणि रडता काय!' हे वाक्य घराबाहेर ठेवलेले बरे.

आणि काकू? रुग्णाला भेटायला पन्नास माणसे येतात, पण रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला 'तुम्ही झोपलात का?' असे कोण विचारतो? पाऱ्यातील कोणी वहिनीने आठवड्यातून एक दुपार येऊन बसावे आणि काकूंना निःशंकपणे बाहेर धाडावे. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून रायपूरच्या मराठी मंडळींना एकत्र आणत आले आहे. तेथील एखादा कार्यक्रम पाहून काकू दोन तासांनी परत आल्या तर त्या दोन तासांचा लाभ पलंगावरच्या माणसालाही होतो.

सर्वांत परिणामकारक धीर मात्र येतो तो त्याच वाटेने पुढे गेलेल्या माणसाकडून. फिजिओथेरपीच्या खोलीत हे नेहमी दिसते. वर्षापूर्वी चाकांच्या खुर्चीतून आलेला रुग्ण आता काठी टेकत येतो आणि नव्याने आलेल्याच्या शेजारी बसून सांगतो, 'मला पहिले दोन महिने बोटही हलवता येत नव्हते.' तो कोणतेही आश्वासन देत नाही. फक्त आपले झालेले सांगतो. सांगणाऱ्यालाही त्यातून काही मिळते. इतके दिवस ज्याला सर्वांकडून घ्यावेच लागत होते, त्याच्यापाशी आता देण्याजोगे काहीतरी असते.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना २००३ साली पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. उजवा हात वाचला हे भाग्य. पण केवळ हात शाबूत असल्याने चित्र निघत नाही. वयाची ऐंशी उलटलेली, चालणे अवघड. अशा स्थितीतही ते रेखाटत राहिले. २०१० मध्ये पुन्हा झटके आले. अखेरची वर्षे त्यांनी पुण्यात काढली. सप्टेंबर २०१४ मध्ये भारताचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले तेव्हा त्या यशावरही त्यांनी चित्र काढले, आणि २६ जानेवारी २०१५ रोजी त्यांचे निधन झाल्यावर दुसऱ्या दिवशी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ते लोकांसमोर ठेवले. त्यांचा 'कॉमन मॅन' १९५१ पासून देशाच्या नित्य ओळखीचा होता. हात थरथरला तरी ही ओळख पुसली गेली नाही.

आपल्या काकांचा मात्र उजवाच हात गेलेला आहे आणि त्यांची ओळख कागदावर एकाच ठिकाणी उमटत असे, ती म्हणजे सही. चाळीस वर्षे प्रगतिपुस्तकांवर, दाखल्यांवर आणि बँकेच्या धनादेशांवर त्यांनी ती केली. आता डाव्या हाताने काढलेली अक्षरे बँकेतील नमुन्याशी जुळत नाहीत. नियमांत यावर तोडगा आहे. आजारी किंवा असमर्थ खातेदाराच्या अंगठ्याचा ठसा, आणि तेही शक्य नसेल तर एखादी खूण, दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या ओळखीने ग्राह्य धरावी व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना आणि वैद्यकीय दाखला असलेल्या दीर्घकाळ आजारी वा अपंग व्यक्तींना रोख रक्कम घरपोच देणे, हयातीचा दाखला घरी जाऊन घेणे अशा सोयी पुरवाव्यात, असेही रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगितले. शाखेत चौकशी केल्यास या सोयींची माहिती मिळते.

तथापि नियमाने सुटणारी अडचण माणसाच्या मनाला नेहमीच सुटलेली वाटत नाही. ज्या शिक्षकाने आयुष्यभर इतरांना अक्षर गिरवायला लावले, त्याला 'काका, इथे अंगठा द्या' म्हटल्यावर काय वाटत असेल? आपल्या भाषेत अंगठेबहाद्दर हा शब्द कोणासाठी वापरतात ते त्यांना ठाऊक असते. म्हणून काही काळ अंगठ्यावर व्यवहार चालू ठेवून सोबतच डाव्या हाताची सही बसवण्याचा प्रयत्न अवश्य करावा. रोज अर्धे पान, जुन्या वहीच्या पाठकोऱ्या बाजूला. आधी केवळ आद्याक्षर, मग आडनाव. सही सुंदर असण्याची आवश्यकता नाही. ती दरवेळी साधारण एकसारखी यावी इतकेच. ती तशी येऊ लागली की बँकेत नवा नमुना नोंदवता येतो.

त्या दिवशी काऊंटरमागे बसलेल्या सहकाऱ्याकडूनही थोडी अपेक्षा आहे. प्रश्न काकांना विचारावा, त्यांच्यासोबत आलेल्या मुलाला नव्हे. उत्तराला वेळ लागला तर वाक्य आपण पूर्ण करून देऊ नये. कागद टेबलावर सरकू नये म्हणून वरची कड बोटाने धरून ठेवावी. मागे रांग असेल. तीमधील एखाद्याने घड्याळाकडे पाहिले तरी चालेल. काका आद्याक्षर काढतात, थांबतात, पेन पुन्हा टेकवतात. आडनावातील शेवटचे अक्षर चौकटीच्या बाहेर जाते. ते मान वर करून पाहतात, आणि पलीकडून उत्तर येते, "चालेल काका. नमुन्यासाठी अजून एक लागेल, सावकाश करा."